पयले तू घे

ललिता मडावीच्या डोक्याला खाज सुटायची ती नेमकी दुसऱ्याच्या ओसरीवर बसल्यावर. रस्त्याने चालताना नाही, घरी एकटी असताना नाही. समोर चार बाया, मांडीवर रजिस्टर आणि डोक्यावर गुलाबी साडीचा पदर असला की टाळू पेटलाच म्हणून समजा. मग ती पेनाचं टोपण हळूच पदराखाली सरकवायची आणि 'हं, मागच्या महिन्यात वजन किती भरलं होतं?' असं विचारता विचारता खाजवून घ्यायची. तिला वाटायचं, हे कोणाला दिसत नाही. पळसटोल्याच्या बायांना डोळे नाहीत असं तिला का वाटायचं कोण जाणे.

पळसटोला म्हणजे धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात साठ-पासष्ट घरांचं गाव. ललिता तिथली आशाताई. गावात कोण पोटुशी आहे, कोणाच्या लेकराला डोस द्यायचा राहिला, कोणाला ताप आहे, हे सगळं बारा वर्षांपासून तिच्या डोक्यात असायचं. त्याच डोक्यावर एके काळी असा शेपटा होता की तिचा नवरा चंदन थट्टेने त्याला बैलाचं दावं म्हणायचा. आता ते दावं उंदराच्या शेपटीवर आलं होतं. जे रबर दोनदा गुंडाळलं की घट्ट बसायचं, ते सहा वेळा गुंडाळूनही घसरायचं. भांगाची रेघ राहिली नव्हती, वाट झाली होती. खाजवलं की नखात पापुद्रे यायचे आणि सकाळी उशीवर, दुपारी फणीत, रात्री भाजीत केस निघायचे. भाजीतला केस चंदन न बोलता बाजूला काढून ठेवायचा. त्याच्या त्या न बोलण्याची तिला जास्त चीड यायची.

दुखण्याचं नाव तिला माहीत होतं. गडचिरोलीच्या एका खाजगी डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, की गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी आळशी झाली आहे. तिने जे बनवायचं ते आता गोळीतून घ्यायचं, रोज सकाळी, उपाशीपोटी. 'दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?' त्यांनी विचारलं होतं. 'नाई जी,' ललिता म्हणाली होती. त्याला दोन वर्षं झाली. गोळी पंचवीसची होती ती पन्नासची झाली, मग पंचाहत्तरची, मग शंभराची. पण रिपोर्टातला आकडा जागचा हलेना. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, 'ताई, तुम्ही गोळ्या नियमित घेत नाही.' जी बाई साऱ्या गावाच्या गोळ्या डोळ्यांत तेल घालून पाहते, तिला हे ऐकावं लागलं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली.

घरगुती उपायही करून झाले होते. निंबाचा पाला उकळून झाला, कांद्याचा रस चोळून झाला, मोहाच्या बियांचं तेल तर इतकं जिरवलं की घराला तेलघाण्याचा वास यायला लागला. खाज तेवढ्यापुरती निजायची आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन उठायची.

आता या गावची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. पळसटोल्यात मुळी-पाला देणारा माणूस ती मुळी आधी स्वतःच्या दाताखाली धरतो, मगच दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. देणाऱ्याने न चाखलेलं औषध इथे कोणी घेत नाही. ललिता नवीन होती तेव्हा तिने वर्षभर रक्तवाढीच्या लाल गोळ्या वाटल्या. त्या कुठे सापडल्या? गोठ्याच्या कुडात, चुलीमागे, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. तिने गावात हात जोडले, रागावली, सभा घेतली, उपयोग शून्य. शेवटी एका म्हातारीने विचारलं, 'तू काऊन नाई खात व?' ललिताने तिथल्या तिथे पाकीट फोडून गोळी तोंडात टाकली. म्हातारीच्या सुनेनेही टाकली. त्या दिवसापासून ठरून गेलं. गावातल्या सगळ्या पोटुशा बाया सकाळी हापशीजवळच्या एका ओसरीवर जमायच्या. ललिता गोळी हातावर घ्यायची. बाया म्हणायच्या, 'पयले तू घे.' ती गिळायची, मग त्या गिळायच्या.

हे सगळं पहाटेच उरकावं लागायचं. मोहाच्या दिवसांत तर बाया तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन रानात जातात, नाहीतर खाली पडलेली फुलं गुरं आणि हरणं खाऊन जातात. म्हणून ललिता अंधारात उठायची, चूळ भरून आपली गळ्याची गोळी घ्यायची, डॉक्टरांचा हुकूम म्हणून चहाला शिवायची नाही, आणि वीस मिनिटांत ओसरीवर हजर व्हायची. इतकी शिस्त तर तिने लग्नातही पाळली नव्हती.

ज्या ओसरीवर त्या जमायच्या ती झिंगूबाईची. झिंगूबाईचा मुलगा डोमा आणि डोमाची बायको मंगली. मंगली दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा गावाने तिचे केस पाहिले होते, तोंड नंतर. काळेभोर, दाट, कमरेखाली जाणारे. मानेच्या एका बाजूला मोठा अंबाडा बांधून त्यात ती बांबूची फणी खोचायची. अंगावर दागिना म्हणावा असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिला सहावा महिना लागला होता आणि रक्त भरलं होतं सात. सात म्हणजे फार कमी. डोळ्यांच्या आतली लाली गेलेली, चार पावलं चालली की धाप. अशा बाईला बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं तर काय होतं, ते ललिताने एकदा शेजारच्या टोल्यात पाहिलं होतं. पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

'रोज दोन गोळ्या, मंगली. चुकवायच्या नाईत.'

मंगली मान हलवायची. गोळी तोंडात टाकायची. आणि ललिताची पाठ वळली की ओसरीच्या मागे थुंकायची. हे ललिताला कळलं ते मातीच्या भिंतीवरचे लाल ओघळ पाहून.

'काऊन व?' तिने विचारलं. राग नव्हता, काळजी होती.

झिंगूबाई बोलली. तिला न बोलता राहणं जमायचंच नाही. 'तू रोज गोळी खातं, बाई, अन् तुहे केस रोज झडून राह्यले. आमाले का दिसत नाई? गावात अख्ख्या बाया तेच म्हनून राह्यल्या. लाल गोळीनं गर्मी होते, अन् गर्मीनं केस जाते.'

ललिताने पटकन पदर पुढे ओढला. 'माहे केस वेगळ्या बिमारीनं जाते, माय. गळ्याची बिमारी हाय मले. या गोळीचा अन् केसाचा काईच संबंध नाई. माह्या लेकराची आन घेऊन सांगतो.'

लेकराची शपथ घेतली म्हटल्यावर झिंगूबाई गप्प झाली. मंगलीने ललिताकडे पाहिलं, भांगाकडे पाहिलं, आणि गोळी गिळली. खरंच गिळली, तोंड उघडून दाखवलं. पुढचे आठ दिवस ललिताने ते तोंड रोज तपासलं. खाज सुटली तरी हात वर न्यायचा नाही, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. आठ दिवस ती हाताची मूठ वळून बसायची.

नवव्या दिवशी मंजुषा सिस्टर आली. ही उपकेंद्राची नर्स, गोंडपिपरीकडची, कामाला वाघीण आणि जिभेला लगाम नाही. लसीकरणाचा दिवस होता. मोहावर जायच्या आधी बायांना गाठायचं म्हणून आदल्या दिवशीच मुक्कामाला येऊन राहिली होती. पहाटे ओसरीवर सगळ्या जमल्या. ललिताने गोळी हातावर घेतली, 'पयले तू घे' झालं, ललिताने गिळली, मंगलीने गिळली. सिस्टर पाहतच राहिली.

'काव ललिता, तू बी खातं लाल गोळी?'

'रोज. मी खाल्ल्याशिवाय खात नाईत ह्या.'

'अन् थायरॉइडची कवा घेतं?'

'आत्ता घेऊन आली. उठल्या उठल्या.'

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. 'अव माय माय! दोन वर्षं झाले हेच करून राह्यली तू? लोहाची गोळी लगेच वरून खाल्ली का थायरॉइडची गोळी अंगालेच लागत नाई! चार घंटे अंतर पायजे दोघीत. म्हनून तुहे केस झडून राह्यले न व! ह्या लाल गोळीनंच घात केला तुहा!'

हापशीचा दांडा कोणीतरी वर धरून तसाच ठेवला होता.

ललिताला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरी औषधं चालू आहेत का, आणि ती 'नाई जी' म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती ती. लाल गोळी तिच्या लेखी औषध नव्हतीच कधी, ते तिचं काम होतं. बारा वर्षं ज्या कामाचा तिला अभिमान होता, त्यानेच तिचं डोकं उजाड केलं होतं. पण हे दुःख करायला तिला फुरसत मिळाली नाही, कारण मंगली उठून ओसरीच्या मागे गेली होती आणि घशात बोट घालून ओकत होती.

'मंगली! ऐक माहं! ते फक्त माह्यासाठी हाय. दोन गोळ्या एकमेकीले आडव्या येतेत. तुले गळ्याची बिमारीच नाई, तुले काई होत नाई.'

सिस्टरलाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं. तीही समजावू लागली. पण एकदा तोंडातून गेलेलं वाक्य असं, की त्याचा पहिला अर्धा भाग गावात घरोघर पोचला आणि दुसरा अर्धा ओसरीवरच राहिला.

झिंगूबाई ओरडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली आणि ते जास्त लागलं. 'लेकराची आन घेतली होती तू, बाई.'

ललिताला ठाऊक नव्हतं, म्हणून शपथ खोटी ठरली, हे खरं होतं. पण ते कोणाला पटवायचं?

मंगली तोंड पुसून समोर येऊन बसली. तिचा अंबाडा सुटला होता आणि सगळे केस पाठीवर पसरले होते. ती रागावली नव्हती, घाबरली होती. 'तुहे केस येऊ दे, बाई,' ती म्हणाली. 'तुहे केस आले का मी घेईन. तू म्हनशीन तेवढ्या घेईन.'

केस यायला किती दिवस लागतात, ते ललिताने सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं. सिस्टर खाली बघत म्हणाली, 'आजपासून रात्री झोपताना घे थायरॉइडची. दोन महिन्यांत आकडा उतरन. केस दिसाले चार महिने तरी.' आणि मंगलीचे दिवस भरत होते साडेतीन महिन्यांत. ललिताने बोटांवर दोनदा मोजून पाहिलं. उत्तर तेच आलं.

मग तिने काय नाही केलं? रात्री आपली गोळी, पहाटे ओसरीवर लाल गोळी. ती गिळायची आणि बाया बघत राहायच्या, एवढंच. हळूहळू बघायलाही येईनात. आरोग्य केंद्रात रक्तवाढीची सलाईन लावता येते, म्हणून तिने डोमाला गाठलं. डोमा भला माणूस, ऐकून घेतलं, पण म्हणाला, 'गोळीनं केस गेले त सुईनं का होईन, असं मंगली म्हनते. मी जबरी कशी करू, बाई? मोहाचे दिवस हायेत.' ललिताने अंबाडीची भाजी, गूळ, नाचणी पोचवली. मंगली ती आवडीने खायची, आणि रक्त सातावरून सव्वासात व्हायचं. ललिताने नर्स आणली, मोठे डॉक्टर आणले. सगळ्यांपुढे मंगली मान खाली घालून बसायची आणि ते गेले की ललिताला विचारायची, 'आले का व?'

म्हणजे केस. ललिता रोज आरशात पाहायची. आयुष्यात कधी नटली नाही एवढा वेळ ती आरशासमोर उभी राहू लागली. भांगाजवळची कातडी उन्हात धरून बघायची, चंदनला बोलावून बघायला लावायची. 'दिसते का काई?' चंदन डोळे बारीक करून पाहायचा आणि म्हणायचा, 'दिसन, दिसन.' एका दुपारी तिने डोक्याला काजळ चोळून पाहिलं, निदान लांबून काळं दिसावं म्हणून. घामाने ते कपाळावर ओघळलं आणि ती स्वतःच हसली, मग बराच वेळ रडली. खाज मात्र कमी व्हायला लागली होती. पण खाज कमी झाल्याचं कोणाला दाखवता येत नाही.

मंगली तिला चुकवत नव्हती, हेच ललिताला सहन होत नव्हतं. ती तिच्याशी गोड बोलायची, तिला पाणी द्यायची, बाळाने लाथ मारली तर तिचा हात धरून पोटावर ठेवायची. सगळा जीव होता ललितावर. फक्त विश्वास तेवढा गेला होता.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपता संपता, आठवा महिना सरायच्या आतच, मंगलीच्या पोटात दुखायला लागलं. गाडी आली, ललिता तिला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली. रक्त साडेपाच निघालं. डोमाने एक पिशवी दिली, दुसरी कुठून तरी मिळाली. मंगली वाचली. मुलगी झाली, सव्वा किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दुपारी चारपर्यंत होती ती.

ललिता व्हरांड्यात बाकावर बसून होती. कोणी काही करायला सांगितलं तर बरं होईल, असं तिला वाटत होतं. कोणी सांगितलं नाही. डोमा शेजारी येऊन बसला. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला.

'गोळ्या घेतल्या असत्या त पोरगी वाचली असती का व, बाई?'

बारा वर्षं ललिता घरोघर हेच सांगत फिरली होती की वाचतात. हो म्हणावं तर मंगलीवर दोष, नाही म्हणावं तर बारा वर्षं खोटी.

'सांगता नाई येत, भाऊ,' ती म्हणाली.

घरी आल्यावर मंगलीच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या होत्या, बाळंतिणीला सहा महिने घ्यायच्याच असतात. पण ललिताचे पाय त्या ओसरीकडे वळेनात. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला. धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, सुरुवात झाली, गाव चिखलाच्या बांधीत उतरलं. आणि एका सकाळी तोंड धुताना ललिताच्या बोटांना कपाळाच्या वर काहीतरी मऊ लागलं. तिने आरसा घेतला. भांगाच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वर, बारीक काळी लव उगवली होती. जोंधळ्याच्या दाण्याएवढे केस, पण दाट, सरळ उभे. दोन वर्षं ज्यांची वाट पाहिली ते आले होते. ललिताने आरसा पालथा घातला. तिला त्या केसांची लाज वाटली, भयंकर लाज. तिने पदर कपाळापर्यंत ओढून, कानामागे खोचून घट्ट केला आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन निघाली. आता नाही गेली तर पुन्हा कधीच जायची नाही, हे तिला कळलं होतं.

ओसरीवर मंगली एकटीच होती. बाकीचे रोवणीला गेले होते. ती केस विंचरत होती आणि तिच्या फणीत केसांचा मोठा पुंजका अडकला होता. पायाशी आणखी दोन पडले होते. बाळंतपणानंतर, रक्त कमी असलं की असे जातात. त्या पहाटेनंतर एकही गोळी न खाता चालले होते. ललिताने ते पाहिलं.

ती समोर बसली. रजिस्टर उघडलं नाही.

मग मंगली पुढे सरकली. तिने हात लांब करून ललिताचा पदर मागे सारला. ललिताने तो धरला, मग सोडला. मंगलीने कपाळावरच्या त्या लवेवरून बोटं फिरवली, लेकराचं डोकं चाचपावं तशी, हळूहळू, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

'आले व,' ती म्हणाली.

'हो.'

'म्हनलं होतं न मी. तुहे आले का घेईन.'

ललिताने पाकीट फोडलं. सवयीने पहिली गोळी स्वतःच्या हातावर घेतली आणि थांबली, मंगली म्हणेल म्हणून. मंगली काहीच म्हणाली नाही. तिने ललिताच्या तळहातावरून ती गोळी उचलली, तोंडात टाकली, पाण्याशिवायच गिळली आणि ललिताने न सांगता तोंड उघडून दाखवलं.